सटवाआण्णांनी केलेली येशूची चौकशी

आमच्या युसूफ वडगावात बिजेचा सप्ताह असतो आणि त्याच्या साउंडवर मी बसतो. बसतो म्हणजे, बसायचो. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं वायरींचं आणि बटनांचं ज्ञान गावात मलाच आहे असा माझा समज होता, आणि सप्ताह कमिटीचे अध्यक्ष बबनराव यांचाही होता. त्यांनी पंगतीच्या वेळी अभंग लावायला सांगितले. मी माझा मोबाइल ब्लूटूथनं भोंग्यांना जोडला, अभंग लावले आणि मांडवाच्या खांबाला टेकून आलेले मेसेज बघत बसलो. त्यात सटवाआण्णांच्या मोहिनीचा आवाजाचा मेसेज होता. ती जालन्याला दवाखान्यात नर्स आहे. आण्णांकडं बटनाचा फोन, म्हणून तिचे मेसेज माझ्याकडं येतात आणि मी ते आण्णांना ऐकवतो. नेहमीप्रमाणं ‘गोळ्या घेतल्या का’ असेल म्हणून मी बटन दाबलं.

गावाच्या चारी दिशांना मोहिनी बोलली.

“आण्णा, हे तुमा एकट्यालाच सांगतेय, अजून कुणापाशी बोलू नका. मी येशूला मानते. म्हणजे तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे खरंच घडलंय असं मला वाटतंय. ईस्टरच्या रविवारी इथल्या चर्चमधी मी बाप्तिस्मा घेणार हाय. तुमी यावं एवढीच इच्छा हाय. न्हाई आलात तरी मी रागावणार न्हाई, पण…”

इथं मला बंद करायचं बटन सापडलं. ‘पण’च्या पुढं काय होतं ते गावाला अजून माहीत नाही.

आण्णा त्या वेळी पंगतीत आमटी वाढत होते. सप्ताहातला तो एक दिवस त्यांचा असतो. ताराकाकू गेल्या तेव्हापासून त्यांच्या नावानं आण्णा त्या दिवशी गावाला जेवू घालतात. लेकीचा आवाज आला तसे ते बबनरावांच्या पत्रावळीपाशी वाकलेले तसेच थांबले, हातातली पळी मात्र चालू राहिली. आमटी भातावरून उतरली, लापशीत शिरली आणि काठावरून बबनरावांच्या धोतरावर गेली. बबनराव दोन्ही हात वर धरून बसून राहिले. एरवी पाण्याचा एक थेंब उडाला तरी गाव डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी धोतराकडं बघितलंसुद्धा नाही.

अर्धं गाव तेव्हा ऊसतोडीला बाहेर होतं. चला, निदान अर्ध्यांनी तरी ऐकलं नाही, असं मी मनाला समजावत होतो. संध्याकाळी थेट कर्नाटकातल्या फडावरून माझ्या आईचा फोन आला, “सोम्या, काय करून ठिवलंस रं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन आण्णांच्या घरी गेलो. ते शेळ्यांना पाला टाकत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “ऱ्हायलेलं ऐकीव.” मी ऐकवलं. ‘पण’च्या पुढं मोहिनी म्हणत होती, “पण आण्णा, तुमी जन्मभर सगळ्याची चौकशी केली. माझ्या लग्नाच्या पाहुण्यांची बी केली आणि तिघं पळवून लावले. मग याची बी एकदा करा. माझ्यासाठी म्हणून येऊ नका आणि लोकांसाठी म्हणून थांबू नका. तपासा, मग काय ते ठरवा.”

आण्णांनी पाल्याची पेंडी खाली ठेवली. “ईस्टर कवा असतंय?”

मी बघून सांगितलं. महिनाभर होता.

“मग टाइम हाय,” ते म्हणाले.

आता हा माणूस कोण, ते सांगायला पाहिजे. आण्णांच्या आधीची भावंडं पाचवी पुजायच्या आतच गेली, म्हणून जगावा यासाठी सटवाईच्या नावावरून ह्यांचं नाव ठेवलं. जगले, केजला मॅट्रिक झाले आणि जनावरांच्या विम्याचे तपासनीस म्हणून चिकटले. विमा काढलेल्या जनावराच्या कानात कंपनी बिल्ला ठोकते. जनावर मेलं की डॉक्टरचा दाखला, पंचांच्या सह्या आणि बिल्ल्यासकट कापलेला कान, एवढं जमा करायचं. बिल्ला नाही तर क्लेम नाही. आण्णा लुनावर बसून गावोगाव जायचे आणि मेलेलं जनावर खरंच मेलंय का ते बघायचे.

आता आमच्याकडची माणसं काही कमी हुशार नाहीत. कागदावर वारलेली म्हैस आण्णांना केजच्या बाजारात रवंथ करताना सापडायची, एका कानाला फडकं बांधलेलं. एकदा एकच मेलेला बैल दोन वस्त्यांवर दोन मालकांच्या दारात मरून पडलेला त्यांनी पाहिला. सख्ख्या मेव्हण्याचा क्लेम त्यांनी नामंजूर केला, तेव्हा ताराकाकू एक अख्खा उन्हाळा त्यांच्याशी भिंतीकडं बघून बोलत होत्या. “इतकी मेलेली जनावरं मी चालताना बघितलीत,” आण्णा सांगायचे, “की मेलेलं उठलं म्हणलं की मी आधी बाजारात जाऊन बघतो.”

लेकीनं नेमकं याच माणसाला सांगितलं की मेलेला उठला.

गावात पहिली बोलवा उठली ती आमिषाची. पोरीला काहीतरी दाखवलं असणार, त्याशिवाय एवढी शिकलेली पोरगी फिरती होय, असं बबनराव पारावर म्हणाले. आण्णांनी वाद घातला नाही. कुणाला न सांगता एसटीनं जालन्याला गेले, मोहिनीच्या खोलीवर धडकले, सोबतच्या नर्सना विचारलं, चर्चच्या पाद्रीला गाठलं. परत आले ते सरळ माझ्या दुकानात.

“खोली तीच, पगार तोच,” म्हणाले. “उलट रविवारची झोप गेली तिची. फायदा कुणाला झालेला दिसंना.”

पाद्री काय म्हणाला, मी विचारलं.

“म्हणला, विश्वास ठिवा. मी म्हणलं, तुमी आधी चहा पाजा. चांगला हाय माणूस. चहा लई गोड करतो.”

येताना मोहिनीनं त्यांना मराठीतलं ख्रिस्ती लोकांचं धर्मपुस्तक दिलं होतं. आण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. शिवाय मी इतिहासात बी.ए. आहे. त्या पदवीचा उपयोग आजवर पीकविम्याच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात लिहिण्यापुरता झाला होता. दुपारी वीज गेली की गिऱ्हाईक येत नसे. तेव्हा आण्णा यायचे, मी पुस्तकातलं वाचायचो आणि इतिहासवाले काय म्हणतात ते मोबाइलवर शोधून सांगायचो. भोंग्याच्या प्रकारानंतर नाही म्हणायला मला तोंडही नव्हतं.

माझा बेत सरळ होता. माणूस शंकेखोर, गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची. दोन दुपारी पुरतील आणि आण्णा ‘नामंजूर’ म्हणून मोकळे होतील. मनातून मलाही तेच हवं होतं, म्हणजे गाव शांत होईल आणि माझ्या मागची चेष्टा थांबेल.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आण्णांनी विचारलं, मुळात असा माणूस होता का. मी सांगितलं, होता, असं बहुतेक सगळे इतिहासकार मानतात, देव न मानणारे सुद्धा. रोमन लोकांच्या जुन्या इतिहासात त्याला अमक्या गव्हर्नरच्या काळात मारल्याची नोंद सापडते, आणि ती लिहिणाऱ्याला या पंथाविषयी काडीचं प्रेम नव्हतं.

“इरोधी पार्टी कबूल करती, मग ते संपलं,” आण्णा म्हणाले. “फुडं चल. मेला का?”

क्रुसावर खिळे मारून मारला, सहा तासांत जीव गेला, मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला धारूरकडच्या एका म्हशीची हकीगत सांगितली. तिचं पोट फुगलं होतं, डॉक्टरनं दाखला दिला होता, पंच सह्या करत होते, आणि एक पंच सही करता करता तिच्यावर टेकला तशी ती उठून गव्हाणीकडं गेली. तेव्हा सहा तासांत माणूस मरतो का, हे मला नीट बघायला सांगितलं. मी पुस्तकात बघितलं तर तिथं खुद्द गव्हर्नरलाच नवल वाटलं होतं की इतक्या लवकर कसा मेला. आण्णा एकदम सरसावून बसले. पण मारणारे शिपाई हेच काम रोज करणारे होते, आणि आधी चाबकानं सोलून काढलं होतं, हे ऐकून पुन्हा मागं टेकले.

“खाटकानं मेलं म्हणलं की मेलं. त्याच्यापाशी दाखला मागू नाही.”

पुढं माझी खरी हत्यारं होती. मी सांगितलं, आण्णा, पुस्तकात ह्याच्या हकिगती चार आहेत आणि चौघांचं जुळत नाही. एक म्हणतो तिसऱ्या दिवशी कबरीवर बाया दोन गेल्या, एक म्हणतो तीन, एक म्हणतो एकटीच. एकाला कबरीत एक माणूस दिसतो, दुसऱ्याला दोन. एक म्हणतो उजाडलं होतं, दुसरा म्हणतो अंधार होता. मी विजयानं फोन खाली ठेवला.

आण्णा हसायला लागले. “पाच पंच आले आणि पाचीजण शबुद न् शबुद एकच बोलले, की मी काय करायचो म्हाईत हाय? मी त्यांना घेऊन हाटेलात जायचो आणि मालकाला विचारायचो, ह्यांनी रात्री भजी कुणाच्या पैशानं खाल्ली? शिकवलेला पंच कधी चुकत न्हाई बे.”

पण मग मी म्हणालो की चौघं वेगवेगळे पंच नव्हतेच. दोघांनी पहिल्याचं समोर ठेवून लिहिलंय, वाक्यं उचललीत. आणि त्या पहिल्याचं लिखाणसुद्धा घटनेनंतर तीसचाळीस वर्षांनी झालंय. त्याच्या सगळ्यात जुन्या प्रतींत तर बाया रिकामी कबर बघून भिऊन पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, तिथंच हकीगत संपते.

त्यांचं हसू गेलं. “कुणाला सांगितलं न्हाई? मग कळलं कसं?”

आणि ते ‘उद्या’ म्हणून उठले. त्या दिवशी मला वाटलं, निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधीच हजर. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती म्हणाले. खोटं रचायचं असतं तर बाया कशाला पुढं केल्या? त्या काळी तिकडं बाईची साक्ष धरत होते का, ते बघ. मी बघितलं. फारशी धरत नव्हते.

“मी तरी कुठं धरली,” ते म्हणाले. “उभ्या नोकरीत पंचनाम्यावर एका बाईची सही न्हाई माझ्या. कुणी तसं करायचंच न्हाई. मग ज्याला क्लेम पास करून घ्यायचाय तो बायांची नावं घालंल का? सरपंचाचं घालंल.”

मी म्हणालो, कदाचित खरंच बायाच गेल्या असतील आणि चुकीच्या कबरीपाशी गेल्या असतील. ते म्हणाले, असंल. मग इरोधी पार्टीनं बरोबर कबर दाखवायची, मिटलं असतं. मी म्हणालो, विरोधकांनी देह चोरल्याची आवई उठवली असं लिहिलंय. ते म्हणाले, चोरला म्हणतेत म्हंजी जागेवर न्हवता हे कबूल झालं की. मी म्हणालो, पण आण्णा, विरोधक असं म्हणाले हेसुद्धा ह्यांच्याच पार्टीनं लिहिलंय. यावर त्यांनी मला अर्धा ग्लास चहा जास्त दिला. शाबासकी द्यायची त्यांची पद्धत अशीच आहे.

असं चाललं. एका पत्रात लिहिलंय की एकाच वेळी पाचशे जणांना तो दिसला. आण्णांनी विचारलं, नावं? नावं नाहीत. मग ते राहू दे, म्हणाले, जत्रा पंच होत नसती. पण ते पत्र लिहिणारा आधी या लोकांना धरून मारायला निघालेला माणूस होता आणि मग म्हणायला लागला की मलाच दिसला, शिवाय हे पत्र चारी हकिगतींच्या आधीचं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. क्लेम कुणी खाल्ला, हा त्यांचा नेहमीचा सवाल. मी सांगितलं, मार खाल्ला. सगळे चेले मारले गेले म्हणतात त्याला धड पुरावा नाही, पण दोघातिघांचा बरा आहे. “मारासाठी कुणी बिल्ला कापत न्हाई,” आण्णा म्हणाले, आणि लगेच पुढं म्हणाले, “पण खरं बोलणारा माणूस बी चुकतो की. मेव्हणा माझा शपथेवर सांगत होता म्हैस त्याचीच. त्याला खरंच तसं वाटत होतं.”

मग ती बागेतली हकीगत आली. मरिया नावाची बाई कबरीपाशी रडत उभी असते. मागं कोणीतरी येतं, तिला वाटतं बागेचा माळी आहे, ओळख पटत नाही. तो फक्त तिचं नाव घेतो आणि ती वळते.

आण्णांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, केजच्या बाजारात वत्सलाबाई नावाच्या एका बाईची चोरीला गेलेली म्हैस सापडली होती. कान फाटलेला, बिल्ला गायब, व्यापारी म्हणतो माझी. डॉक्टरला ठरवता येईना. ती बाई बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि तिनं नुसतं नाव घेतलं, ‘ये गं चांदे’. म्हशीनं दोर तोडला. “मी रिपोर्टात लिहिलं, आवाजावरून ओळख पटली. साहेब म्हणला, आवाज कुठल्या रकान्यात बसतो? क्लेमचं काय ते वरच्यांनी केलं. पण म्हैस तिचीच हुती, सोम्या. असलं काय रचता येत न्हाई.”

“येतं की,” मी म्हणालो. “लिहिणारा चांगला असेल तर येतं. आणि ही हकीगत चौघांतल्या शेवटच्याची, लई उशिरा लिहिलेली.”

“उशिरा लिहिली म्हणून खोटी का? वत्सलाबाईची म्हैस मी तुला आज सांगतोय, चाळीस वर्षांनी. खोटी हाय व्हय?”

“चाळीस वर्षांत म्हशीचं नाव तरी बदललं असेल.”

आण्णा बोटानं गुडघ्यावर ठोकत राहिले. मग खोटं न बोलणारा माणूस जसा अवघडतो तसे अवघडून म्हणाले, “चांदी का गवरी, हे आता पक्कं सांगता येत न्हाई.” आणि थोड्या वेळानं, “पण वळली हुती.”

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात बबनराव दुकानात आले. सातबारा काढायचं निमित्त होतं. आण्णा बसलेलेच होते. बबनराव उभ्यानंच म्हणाले की लेकीच्या त्या कार्याला गेलास तर पुढल्या साली ताराबाईच्या नावाची पंगत कमिटीला घेता यायची नाही, लोकं जेवायला बसायची नाहीत. आवाज चढवून नाही म्हणाले, उलट त्यांनाच ते जड जात होतं. लहानपणी दोघांनी एकत्र शेळ्या राखल्यात.

“मेलेला माणूस उठतो व्हय रं सटवा?” त्यांनी विचारलं. “तू इतका हुशार.”

“बिजेला बारा वाजता आपण फुलं टाकतो,” आण्णा म्हणाले, “ती कावून?”

“महाराज सदेह वैकुंठाला गेले म्हणून.”

“मी बी टाकतो. पंचनामा मागितला का कधी?”

“ते आपलं हाय.”

“आपलं म्हणून मी मागितला न्हाई, ती माझी माया. पण पोरीनं चौकशी करा म्हणलंय. चौकशीला माप एकच लावावं लागतं, आपलं का परकं बघून चालत न्हाई.”

बबनराव दारापर्यंत गेले, मग वळून म्हणाले, “ताराला काय वाटलं असतं ते बघ,” आणि सातबारा तसाच ठेवून निघून गेले.

ते वाक्य लागलं. आण्णा फोनकडं बघेनात, पुस्तकाकडं बघेनात. मी त्यांना बरं वाटावं म्हणून की काय, पण चुकीच्या वेळी शहाणपण काढलं. म्हणालो, आण्णा, ह्या सगळ्याचं एक साधं उत्तर आहे. जिवाभावाचं माणूस गेलं की मागच्यांना ते दिसतं, ऐकू येतं. डॉक्टर लोकांनी तपासलंय, पुष्कळांना होतं. चेल्यांना तसाच दिसला असेल.

“मला दिसली हुती,” आण्णा म्हणाले.

मी फोन खाली ठेवला.

“तारा. दहाव्याच्या आधी. गोठ्यात कडबा तोडत हुती, पाठमोरी. पदर खोचलेला. मी उगंच उभा ऱ्हायलो, हाक बी मारली न्हाई, जाईल म्हणून. मंग गेली.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तवा तू म्हणतोस ते हाय. असतं तसं. मी कुणाला बोललो न्हाई, मोहिनीला बी न्हाई.”

“मग झालं तर,” मी हळूच म्हणालो. “त्यांचंही तेच.”

“न्हाई सोम्या. तिथंच माझं अडतंय. तिसऱ्या दिवशी मी राख सावडायला गेलतो. ह्या हातानं सावडली. मोहिनी म्होरं पाणी शिंपडत हुती. तारा तिथं हुती, सगळी. म्हणून गोठ्यात दिसली तवा मला कळलं की हे माझ्या मनाचं हाय. ह्या बाया बी तिसऱ्या दिवशीच गेल्या. आपण जातो तशाच, शेवटचं करायला. आणि त्या म्हणतेत, सावडायला काय न्हवतंच.”

बाहेर केजची जीप भरत होती, ड्रायव्हर ओरडत होता. मी विचारलं, मग तुम्ही मानता का.

“मेला, हे मंजूर,” आण्णा म्हणाले. “बघितला म्हणणारे लबाड न्हवते, हे बी मंजूर. त्यांनी बघितलं ते काय, त्याचा बिल्ला मला गावंना. जागा रिकामी हुती हे बी त्यांच्याच तोंडचं. पास म्हणवत न्हाई, फेल म्हणवत न्हाई. नोकरीत मी एक क्लेम लोंबकळत ठिवला न्हाई. हा पहिला.”

“मग जाणार नाही तर.”

“तुला पंच म्हंजी काय ते अजून कळलं न्हाई,” ते वैतागून म्हणाले. “पंच क्लेम पास करत नसतो. पंच फक्त म्हणतो, मी हजर हुतो आणि माझ्या समक्ष असं असं झालं. उद्या कुणी म्हणलं पोरीला फसवून नेली, धरून नेली, तर कुणीतरी म्हणायला पाहिजे का न्हाई, की मी हुतो तिथं?”

शनिवारी आम्ही बीडमार्गे जालन्याला निघालो. मला कशाला नेलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मोहिनी स्टँडवर आली होती. आण्णांच्या पाया पडली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, “भोंगा आणलास का रे, का इथलाच वापरणार?” महिनाभर मनात घोकलेली माफी त्या एका वाक्यानं राहून गेली.

बाप्तिस्मा म्हणजे मला काहीतरी भयंकर वाटलं होतं. रविवारी चर्चमध्ये पाद्रीनं प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, डोक्यावर तीनदा पाणी टाकलं. पाणी तिच्या कानावरून खाली आलं तेव्हा आण्णांनी खिशातला रुमाल काढला आणि हातातच धरून ठेवला. नंतर साक्षीदारांच्या सह्या होत्या. आण्णांनी आधी सगळा मजकूर माझ्याकडून वाचून घेतला. गाणाऱ्या पोरी पेटीवाल्याकडं बघत थांबल्या होत्या. पाद्रीनं नम्रपणे सांगितलं की मंडळीतलाच माणूस सही करेल तरी चालतं. आण्णा म्हणाले, “मी मंडळीतला न्हाई. मी बघणारा हाय.” सही केली आणि खाली सवयीनं लिहिलं, ‘माझ्या समक्ष, राजीखुशीनं.’ पाद्रीला ते कुठल्या रकान्यात बसतं कळेना, पण त्यानं राहू दिलं.

मोहिनी ते वाचून रडली. आण्णा तिला म्हणाले, तू सांगितलेली चौकशी अजून चालू हाय, रडू नको, मला बारीकसारीक पुष्कळ विचारायचंय. ती म्हणाली, “विचारा की. दर रविवारी फोन करा, दुपारून. भोंग्यावर नको.” ते ठरवून टाकलं दोघांनी. आता दर रविवारी आण्णा माझ्या दुकानात बसून तिच्याशी भांडतात. मागच्या वेळी विषय होता, उठल्यावर त्यानं मासा खाल्ला असं लिहिलंय, तर काटे कुणी बघितले.

निघताना मोहिनीनं माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. त्यात केक होता, माझ्यासाठी म्हणाली, तू आला नसतास तर आण्णांना चढउताराला कोण होतं. डब्यावर ताराकाकूंचं नाव कोरलेलं होतं, त्यांच्या लग्नातला. गावात आल्यावर केकचा एक तुकडा आण्णांनी मला बबनरावांकडं द्यायला लावला. बबनरावांनी आधी अंडं आहे का विचारलं. मी म्हणालो, आहे. त्यांनी बशी घेतली आणि दार लोटून घेतलं. बशी सकाळी आमच्या ओट्यावर धुऊन ठेवलेली होती. पंगतीचं अजून ते काही बोललेले नाहीत. पुढची बीज लांब आहे.

डबा मात्र माझ्या दुकानात प्रिंटरच्या शेजारी आहे. आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. आई फडावरून आल्यापासून रोज म्हणते, शेंगदाण्याचे लाडू करते, भरून पाठवून दे. मी म्हणतो, नको, मी बघतो. काय भरायचं ते मला ठरवता येत नाही. भोंग्याचं देणं लाडवांत फिटेल असं वाटत नाही, आणि दुसरं काय भरावं ते बी.ए.ला शिकवलेलं नाही.

रविवारी आण्णा येतात, खुर्ची ओढतात, आधी डब्याकडं बघतात आणि मग फोन लावायला सांगतात.

“गेला न्हाई का अजून?”

“चौकशी चालू आहे, आण्णा,” मी म्हणतो, आणि मोहिनीचा नंबर लावतो.